चार कलमांचा कायदा

मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला, तो गाठीच्या प्लेगसाठी जन्माला आला होता. साथरोग कायदा, १८९७. सव्वाशे वर्षं हाताशी असलेला हा कायदा मुळात चारच कलमांचा, आणि त्या चार कलमांत काय नाही हे पाहिलं की पुढचं पुष्कळ उलगडतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. माणसं शहर सोडून पळू लागली, बंदरं धोक्यात आली, हिंदुस्थानचा माल युरोपात अडण्याची भीती उभी राहिली. कलकत्त्यात २८ जानेवारी १८९७ रोजी विधेयक मांडलं गेलं आणि ४ फेब्रुवारीला मंजूरही झालं. पहिल्या कलमात नाव. दुसऱ्यात सरकारला लागतील ते नियम करण्याची मुभा: प्रवाशांना तपासा, संशयितांना वेगळं ठेवा. तिसऱ्यात नियम मोडणाऱ्याला शिक्षा. चौथ्यात, सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, अशी हमी. अधिकाऱ्याला संरक्षण मिळालं. ज्याच्या घरात तो शिरणार, त्याला काय मिळालं?

याचं उत्तर पुण्याने महिन्याभरात पाहिलं. ब्रिटिश सनदी अधिकारी रँड तिथल्या प्लेग समितीचे प्रमुख होते. गोरे शिपाई घरोघर शिरले. माजघर, स्वयंपाकघर, देवघर काही सुटलं नाही. काखेत, जांघेत गाठ आहे का, हे परक्या पुरुषांनी तपासायचं, बायकांचंसुद्धा. सामान जाळलं जाई, आजाऱ्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेलं जाई. त्या छावणीत नेमकं काय होतं, हे कुणी धड सांगत नव्हतं. मग लोक आजारी माणसाला लपवू लागले, मृत्यूसुद्धा लपवू लागले. ज्या साथीचा माग काढायचा, तीच नजरेआड झाली. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. दारात बंदूक घेऊन आलेल्या माणसाच्या औषधावर विश्वास कोण ठेवील? २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच साथीत आजाऱ्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्चला गेल्या, हे त्याच्या शेजारी ठेवून वाचायला हवं.

त्याच वर्षी मुंबईत दुसरी वाटही उघडत होती. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे खोजा समाजाचे धर्मप्रमुख आगाखान यांनी लोकांसमोर टोचून घेतलं, तेव्हा मुंबईतले खोजे मोठ्या संख्येने पुढे आले. हुकूम तिथे नव्हता; आपला माणूस आधी दंड पुढे करत होता. मार्च १८९८ मध्ये प्लेगच्या सक्तीवरून मुंबईत दंगल उसळली आणि त्यानंतर सरकारनेही सक्ती सैल करत नेली. कायद्याच्या मजकुरात मात्र यातलं काही शिरलं नाही.

म्हणून २०२० मध्ये तो जुन्या रूपातच हाती आला. मनगटाजवळ ‘होम क्वारंटाइन’चा शिक्का बसला, चौकात लाठी फिरली. त्याच वेळी आशाताई पायपीट करत दारोदार जात होत्या, तापाची चौकशी करत होत्या. अनेक वाड्यावस्त्यांवर विश्वासाची सगळी भिस्त या तुटपुंज्या मानधनावरच्या बायांवर होती. आरोग्यसेवकांवर हल्ले झाले. ते निंद्यच, त्यासाठी एप्रिलमध्ये अध्यादेश निघाला आणि गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत कैद ठरली. तेही योग्यच झालं. पण सव्वाशे वर्षांतल्या या सर्वांत मोठ्या दुरुस्तीतही संरक्षण वाढलं ते एकाच बाजूचं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने या कायद्याचा आढावा घेणारा अहवाल दिला आहे. नवा मसुदा येईल तेव्हा तो वाचा. आपल्याला का वेगळं ठेवलं, किती दिवस, आणि दाद कुठे मागायची, हे आपल्या भाषेत सांगण्याचं बंधन सरकारवर घालणारं कलम त्यात आहे का, ते शोधा. नसेल तर आपल्या आमदार-खासदारांकडे मागा.