जुन्या मोटारीत वातानुकूलन : इंजिनबदलानंतरचे वायरिंग

जुनी मोटार जतन करताना इंजिनबदल आणि वातानुकूलन हे दोन बदल बहुधा एकत्रच येतात. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने आलेली आणि पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली कुर्ल्याची मोटार हे त्याचे परिचित उदाहरण. तिचे १०८९ सीसीचे इंजिन सुमारे ४० अश्वशक्तीचे. वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर त्यातील काही अश्वशक्ती खाऊन टाकतो. साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा घाट किंवा वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट चढताना ही तूट लगेच जाणवते. सांगली जिल्ह्यात जत, आटपाडीच्या उन्हाळ्यात मात्र थंड हवेचा मोह आवरत नाही. त्यामुळे अधिक ताकदीचे इंजिन बसविण्याचा विचार पुढे येतो.

विजेचा हिशेब

खरी अडचण विजेची असते. जुन्या मोटारींतील डायनामो जेमतेम वीसएक अँपिअर वीज देई, आणि इंजिन मंद फिरत असताना तीही नाही. वातानुकूलनात ब्लोअर, कंडेन्सरचा पंखा आणि कॉम्प्रेसरचा चुंबकीय क्लच मिळून वीस ते तीस अँपिअर लागतात. त्यावर हेडलाइट व वायपर वेगळे. म्हणून नव्या इंजिनाबरोबर पुरेशा क्षमतेचा अल्टरनेटर आणि बॅटरीपर्यंतची जाड वायर या गोष्टी अनिवार्य ठरतात. काही जुन्या ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. अशी मोटार आधी ऋण अर्थिंगवर आणल्याशिवाय आधुनिक अल्टरनेटर जोडू नये. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टीही नवीन घालावी.

रिले आणि फ्यूज

हा भार जुन्या इग्निशन स्विचमधून कधीही नेऊ नये. स्विचने केवळ रिलेची गुंडाळी चालवावी. मुख्य प्रवाह बॅटरीकडून फ्यूजमार्गे रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला यावा आणि ८७ क्रमांकाच्या टोकातून उपकरणाकडे जावा. ब्लोअर, पंखा व क्लच यांना स्वतंत्र रिले आणि स्वतंत्र फ्यूज हवेत. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. कारण फ्यूजच्या अलीकडे वायर पत्र्याला घासली, तर तिला आगीपासून वाचविणारे काहीच उरत नाही. पत्र्यातील प्रत्येक छिद्राला रबरी ग्रोमेट हवे, हे त्याचमुळे.

क्लचच्या वाटेवर थर्मोस्टॅट आणि दाबाचा स्विच एकापाठोपाठ जोडतात. बाष्पक गोठू लागला, वायू गळून दाब घटला किंवा कंडेन्सर तापून दाब वाढला, तर कॉम्प्रेसर आपोआप थांबतो. क्लच बंद होताना उसळणारा विद्युत्दाब शोषण्यासाठी गुंडाळीला समांतर डायोड लावतात.

कार्बोरेटर की संगणक?

कार्बोरेटरच्या इंजिनात कॉम्प्रेसर सुरू होताच इंजिनाचा वेग पडतो. तो सावरण्यासाठी थ्रॉटल किंचित उघडणारी यंत्रणा बसवितात. इंधन फवारणीच्या इंजिनात हे काम संगणक करतो. तेथे स्विचचा संदेश आधी संगणकाला जातो. तो वेग वाढवतो आणि मगच क्लचचा रिले चालवतो. ही वाट टाळून क्लच परस्पर जोडल्यास इंजिन सिग्नलला बंद पडू लागते. त्यासाठी मूळ मोटारीचा वायरिंग नकाशा हाताशी असणे आवश्यक असते.

वायूची निवडही तितकीच महत्त्वाची. ओझोनचा थर विरळ करणारा आर-१२ वायू माँट्रिअल करारानुसार (१९८७) मागे पडला. आर-१३४ए वापरायचा, तर जुने तेल, रबरी नळ्या व सील बदलावे लागतात.

नोंदणीचा प्रश्न

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील बदलणारा फेरफार मनमानीने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बंधने अधोरेखित केली. म्हणून इंजिन उतरविण्यापूर्वीच सातारा (एमएच-११), सांगली (एमएच-१०) किंवा कराड (एमएच-५०) येथील परिवहन कार्यालयात विचारणा करणे हिताचे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ ही विशेष नोंदणी मिळते. मात्र त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे लागते. इंजिन बदलले, की हा सन्मान गमावण्याची शक्यता असते. मूळ इंजिन जपून ठेवणे आणि कोणताही बदल पत्रा न कापता करणे, ही त्यावरची शहाणी तडजोड.