पालखीतला कुत्रा आणि रिंगणातला कुत्रा

साताऱ्याहून पूर्वेला पाचएक किलोमीटर गेले की कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम लागतो. संगम माहुलीच्या घाटावर आपल्यापैकी बहुतेक जण केव्हा ना केव्हा उतरले असतील. तेथे छत्रपतींच्या घराण्यातील समाध्यांच्या सोबतीने एका कुत्र्याचेही स्मारक दाखवितात. हा थोरल्या शाहूमहाराजांचा खंड्या. वाघाच्या शिकारीत त्याने धन्याचा जीव वाचविला, आणि त्याची उतराई म्हणून महाराजांनी त्याला जहागीर दिली व पालखीचा मान दिला, ही हकीकत ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदविली आहे. हा डफ १८१८ पासून चार वर्षे साताऱ्यातच इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिला होता. दोन सरदार भेटीस आले असता महाराजांनी या कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि जवाहीर घालून भरदरबारात बसविले आणि आपले पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले, असेही तो लिहितो.

डफसाहेबाने ही गोष्ट राजाच्या ढळलेल्या बुद्धीचे लक्षण म्हणून सांगितली आहे. आम्हांला तीत दुसरेही काही दिसते. त्या दरबारात कुत्रा मांडला गेला तो त्याने केलेल्या कामासाठी. त्याचे नाक किती लांब, कान कसे, रंग कोणता, हे कोणी विचारले नाही.

कामगारांच्या चळवळीत उमर घालविलेल्या माणसाने कुत्र्यांवर का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. तेथे वाचता वाचता एक गोष्ट मनात घर करून बसली. ज्या जिवाला स्वतःसाठी बोलता येत नाही, त्याच्या शरीराचा हिशेब कोण ठेवतो, ही ती गोष्ट. माणसांच्या बाबतीत हा प्रश्न आम्ही तीस वर्षे विचारीत आलो. जनावरांच्या बाबतीत तो विचारण्यास विलायतेतल्या एका इवल्याशा कुत्र्याचा इतिहास फार उपयोगी पडतो. त्याला टॉय स्पॅनियल म्हणतात, म्हणजे मांडीवर खेळविण्याचा, लांब कानांचा, रेशमी केसांचा कुत्रा.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स हा आपल्या शिवछत्रपतींचा समकालीन. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगिजांकडून मुंबई आंदण मिळाली ती यालाच, आणि १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने ती त्याने कंपनी सरकारला देऊन टाकली. या राजाला या छोट्या कुत्र्यांचा एवढा नाद की त्यांना त्याचेच नाव चिकटले. त्या काळच्या चित्रांत या कुत्र्याचे नाक चांगले लांब दिसते.

पुढे दोन शतकांनी काळ बदलला. १८५९ साली न्यूकॅसल येथे श्वानप्रदर्शन भरले, १८७३ साली लंडनला केनेल क्लबाची स्थापना झाली, आणि १८९१ पासून क्रफ्ट्सचे प्रसिद्ध प्रदर्शन सुरू झाले. कुत्रा रिंगणात आणायचा, पंचाने त्याला लिहिलेल्या नमुन्याशी ताडून पाहायचे, आणि नमुन्याला जो अधिक जवळ त्याला बक्षीस द्यायचे, अशी ही रीत. ज्याला बक्षीस, त्याच्या पिल्लांना भाव. तेव्हा बक्षीस देणारा पंच नकळत पुढच्या पिढीचा बापही ठरवू लागला.

आपल्याकडे पुसेगावला किंवा खरसुंडीला खिल्लार बैलांचा बाजार भरतो तेव्हाही पारख होतेच. पण तेथे शेतकरी बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून घेतो. रंगाशिंगांची हौस त्यालाही असते. परंतु बैल घरी नेऊन नांगराला जुंपायचा असतो, त्यामुळे हौसेला आपोआप लगाम बसतो. मांडीवरच्या कुत्र्याला हा लगाम नव्हता. फॅशन चपट्या तोंडाची आली, तसे या स्पॅनियलचे तोंड पिढ्यानपिढ्या आत आत जात राहिले आणि डोके घुमटासारखे गोल झाले.

त्यात सुधारणा करावी असे रॉसवेल एल्ड्रिज नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाला वाटले. जुन्या चित्रांतला लांब नाकाचा कुत्रा शोधीत तो इंग्लंडला आला, आणि तसा कुत्रा मिळेना म्हणून १९२६ पासून क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात अशा नमुन्याच्या नराला व मादीला पंचवीस पंचवीस पौंडांचे बक्षीस त्याने जाहीर केले. १९२८ साली अ‍ॅन्स सन नावाच्या कुत्र्याला हे बक्षीस मिळाले. त्याला समोर ठेवूनच नव्या जातीचा नमुना लिहिला गेला. १९४५ साली कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ही स्वतंत्र जात म्हणून केनेल क्लबाच्या दप्तरी लागली.

हेतू चांगला होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु दुरुस्ती झाली ती तोंडाची. थोड्या कुत्र्यांवर सारी जात उभी राहिली, त्यात महायुद्धाने संख्या आणखी घटविली, आणि पुन्हा नात्यातल्या नात्यात पैदास होत गेली. या जातीत हृदयाच्या डाव्या बाजूची झडप लवकर झिजते. झडप नीट मिटत नाही, रक्त मागे फिरते, आणि पशुवैद्याने छातीला नळी लावली की खरखर ऐकू येते. पाचसहा वर्षांच्या वयात निम्म्याच्या आसपास कुत्र्यांत आणि दहाव्या वर्षापर्यंत बहुतेक सर्वांत ही खरखर आढळते. दुसरा रोग कवटीचा. मेंदूच्या मानाने कवटी अपुरी पडते, मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या तयार होतात, आणि कुत्रा मानेजवळ हवेतच खाजवीत राहतो. मालकाला ती गंमत वाटते. कुत्र्याला त्या वेळी वेदना होत असते.

यावर उपाय नाही असे नाही. हृदयाचा रोग उशिरा दिसतो आणि पैदास लवकर होते, हे खरे दुखणे आहे. म्हणून पशुवैद्यांनी नियम सांगितला की अडीच वर्षांच्या आत कुत्र्याची पैदास करू नये, आणि त्याच्या आईबापांची हृदये पाचव्या वर्षापर्यंत निर्दोष असल्याची खात्री करून घ्यावी. कवटीसाठी ब्रिटनमध्ये २०१२ पासून एमआरआय तपासणीची योजना आहे. डेन्मार्कमध्ये २००२ पासून हृदयाची तपासणी पैदास करणाऱ्यांवर बंधनकारक झाली. पुढे तेथील अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा, दहाएक वर्षांत या रोगाचा धोका ७३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. जे मनाला येईल तसे घडविले गेले, ते मनावर घेतले तर दुरुस्तही होते, याचा एवढा उघड पुरावा क्वचितच मिळतो.

पण मनावर घेतो कोण? २००८ साली बीबीसीने एक माहितीपट दाखविला. कवटीचा रोग असलेला एक कॅव्हेलियर प्रदर्शनात अजिंक्य ठरला होता आणि त्याची पिल्लेही निपजविली गेली होती, हे त्यात जगाने पाहिले. गदारोळ झाला, आणि २००९ पासून बीबीसीने क्रफ्ट्सचे प्रक्षेपण थांबविले. पुढे नॉर्वेत प्रकरण न्यायालयात गेले. २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, या कुत्र्याची चालली होती तशी पैदास पशुकल्याणाच्या कायद्याचा भंग करते, असा निर्णय दिला.

तपासणी असूनही रोग का लपतो, हे समजण्यास आम्हांला विलायतेला जावे लागले नाही. आमच्याच भागातल्या एका ओतशाळेत वाळूच्या धुळीने कामगारांच्या छात्या भरत होत्या. आम्ही भांडून वर्षातून एकदा छातीचे फोटो काढण्याची सोय करून घेतली. पहिल्या वर्षी ज्यांच्या फोटोत डाग निघाला त्यांना महिन्याभरात घरी बसविण्यात आले. दुसऱ्या वर्षी फोटोच्या दिवशी अर्धी माणसे रजेवर! एक भट्टीवाला आम्हांला म्हणाला, "दादा, तुमच्या तपासणीनं माझा खोकला गेला नाही, माझी भाकरी गेली." हे वाक्य आम्ही आजवर विसरलो नाही. तपासणी मागितली ती आम्हीच. तिच्यानंतर काय, हे ठरवून घेण्यास चुकलो तेही आम्हीच. निकालाची शिक्षा ज्याला होते तो निकाल लपवितो. कुत्रा पैदास करणाऱ्याचेही तसेच आहे. एका कागदाने ज्याच्या पिल्लांचा भाव पडणार, तो कागद पेटीच्या तळाशी ठेवतो. म्हणून तपासणीबरोबर उघडी नोंदवही हवी, आणि खरे सांगणाऱ्याला मानही हवा.

आता हे सारे आपल्या दारात आले आहे. सांगली, सातारा, सोलापूर या दुष्काळी पट्ट्यात धनगरांच्या आणि शेतकऱ्यांच्या वस्तीवर कारवानी कुत्रा पिढ्यानपिढ्या आहे. लांब तोंड, खोल छाती, पोट आत गेलेले, धावण्यात वाऱ्यासारखा. सशामागे धावून आणि वस्ती राखून त्याने आपला वाण टिकविला. जो धावू शकला नाही त्याची पुढे पैदास झाली नाही. आपल्या शेजारच्या मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी या कुत्र्याची निगा राखली. मालोजीराव घोरपड्यांनी त्याची एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला नजर केली असे सांगतात. आज एक केनेल क्लब त्याला कॅरव्हान हाउंड म्हणतो, दुसरा मुधोळ हाउंड. २००५ साली त्याचे टपाल तिकीट निघाले, आणि मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे संशोधन केंद्रही आहे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यामुळे त्याची पारख माळावरून उठून रिंगणाकडे चालली आहे. तो रोगी झाला असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की याच वळणावर त्या विलायती कुत्र्याची वाट चुकली होती. बारीक कंबर आणखी बारीक हवी, लांब तोंड आणखी लांब हवे, असे एकदा सुरू झाले आणि चार नामांकित नरांवर सारी पैदास गेली, की पुढचे सांगायला ज्योतिषी नको.

कायदा आपल्याकडेही आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. कुत्री दीड वर्षाची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर तिची पैदास करता येत नाही, आधी पशुवैद्याचा दाखला लागतो, लागोपाठ वेते घेता येत नाहीत, आणि जन्मात पाचांहून अधिक नाहीत. कायदे कामगारांसाठीही पुष्कळ आहेत. विचारणारा असेल तरच ते चालतात, हा आमचा अनुभव. येथे विचारणारे आपण आहोत. पिल्लू घ्यायला जाल तेव्हा बापाने जिंकलेले चषक पाहण्याआधी त्याच्या तपासणीचा कागद मागा, आई दाखवा म्हणा, तिची वेते किती झाली ते विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारले तर पाचव्याला न विचारता दाखवतील.

माहुलीच्या त्या स्मारकापाशी आम्ही अधूनमधून जातो. खंड्याला पालखी मिळाली, जहागीर मिळाली; त्यातले कुत्र्याला काय कळले असेल कोण जाणे. पण ज्याने आपल्यासाठी जीव धोक्यात घातला त्याचे आपण काही लागतो, एवढे त्या राजाला कळले होते. पालखी देणे आपल्या आवाक्यात नाही. धड हृदय आणि पुरेशी कवटी घेऊन त्याला जन्माला येऊ देणे मात्र आहे.