हरिश्चंद्राचा मसणवटा आणि डोंबाचा मुलगा

आशियातील चित्रपट आता युरोप-अमेरिकेच्या चित्रपटगृहांत दिमाखाने शिरू लागले आहेत. २०२० मध्ये ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटाला अमेरिकेतील ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील चित्रपटाला तो प्रथमच मिळत होता. आपल्याकडेही व्हेनिस, बर्लिन, कानची नावे वृत्तपत्रांत वारंवार येतात आणि ‘मराठी पाऊल पडते पुढे’ असा आनंद व्यक्त होतो. आनंदाला आमची हरकत नाही. पण दलित समाजातून आलेल्या वाचकाला या इतिहासाकडे पाहताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे. गेली शंभर-सव्वाशे वर्षे या देशाचा चित्रपट पश्चिमेत जातो आहे, तो कोणाचा चेहरा घेऊन जातो आहे?

आरंभ फाळक्यांपासून करावा लागतो. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. तिथल्या जाणकारांनी कौतुक केले, तिथेच राहून काम करण्याविषयी विचारणाही झाली. फाळके मायदेशी परतले. हा इतिहास शाळेतही शिकवला जातो. परंतु पहिला चित्रपट म्हणून जी कथा निवडली गेली, तिचा कस कुठे लागतो हे कोणी शिकवत नाही. राज्य गेले, बायको-मुलगा विकला गेला, तरी पुराणकाराचे समाधान होत नाही. राजाने डोंबाघरी पाणी वाहिले, मसणवटा राखला, तेव्हा कुठे त्याच्या सत्त्वाची परीक्षा पूर्ण होते. म्हणजे जे काम डोंबाच्या पोराने बापजाद्यांपासून रोज करायचे, ते राजाने काही दिवस केले की तो सत्यवचनी महापुरुष ठरतो! राजाचे दुःख अजरामर झाले. डोंबाचे दुःख मात्र कोणी विचारले नाही.

आणखी एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या नाशकात फाळक्यांनी आपली चित्रसंस्था उभी केली, त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तिकिटाचे पैसे टाकले की पडद्यावरचा राम दिसत होता. देवळातल्या रामाचे दार मात्र पाच वर्षांच्या लढ्यानंतरही उघडले नाही. यंत्राने जे सहज दिले, ते धर्माने दिले नाही. चित्रपटाविषयी आम्हांला आस्था वाटते ती यासाठीही.

१९२५ मध्ये हिमांशू राय यांनी म्युनिकच्या एमेल्का कंपनीच्या साहाय्याने ‘लाइट ऑफ एशिया’ काढला. दिग्दर्शक जर्मन, फ्रान्झ ऑस्टेन. आधार एडविन अर्नोल्डच्या इंग्रजी काव्याचा. बुद्धाच्या भूमिकेत स्वतः राय. चित्रपट युरोपात गाजला. पण त्याची सुरुवात होते ती हिंदुस्थान पाहायला आलेल्या गोऱ्या प्रवाशांपासून. बुद्ध हा त्यांच्या सहलीतला एक मुक्काम ठरतो. हत्ती, राजवाडे, मिरवणुका यांच्याच रांगेतला. अवघ्या एकतीस वर्षांनी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बुद्धाला शरण जाण्याची दीक्षा लाखोंना दिली, तो माणसाला उभे करणारा बुद्ध त्या डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते.

आमच्या वसई-विरार पट्ट्यातच याचा पडताळा घेता येतो. नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरला, तेव्हा आसपासचे लोक त्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत होते. बुद्धाची जागा लोकस्मृतीने एका बुरुडाच्या नावे राखली होती! अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही इथलाच. आणि याच पट्ट्यातल्या वसई किल्ल्यात ‘कोल्डप्ले’ या इंग्लिश वाद्यवृंदाने आपल्या गाण्याची काही दृश्ये टिपली. २०१६ च्या जानेवारीअखेर ते गाणे जगभर पाहिले गेले. त्यात काय होते? साधू, रंगांची उधळण, पडक्या भिंती, हसरी उघडी पोरे. त्याच महिन्यात, १७ जानेवारीला, हैदराबादेत रोहित वेमुलाचा जीव गेला होता. ‘लाइट ऑफ एशिया’नंतर नव्वद वर्षे लोटली, तरी पाहुण्यांची नजर फारशी हलली नव्हती.

मग आपल्याच लोकांनी अस्पृश्यांवर काढलेल्या चित्रपटांचे काय? १९३६ मध्ये बॉम्बे टॉकीजने मालाडला ‘अछूत कन्या’ काढला. निर्माते राय, दिग्दर्शक पुन्हा ऑस्टेन. रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य रखवालदाराची मुलगी आणि ब्राह्मणाचा मुलगा यांची ही प्रेमकथा. शेवटी मुलगी आगगाडीखाली जीव देते आणि मोठी ठरते. त्याच १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण रद्द केले आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. एकाच वर्षी पडद्यावर मरणारी अस्पृश्य मुलगी टाळ्या घेत होती आणि व्यासपीठावर बोलू पाहणारा अस्पृश्य नको झाला होता! पुढे बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ १९६० मध्ये कानच्या स्पर्धेत गेला. त्यातली अस्पृश्य मुलगी मरत नाही. पण पालनकर्त्या आईला रक्त दिल्यानंतरच ती मुलगी म्हणून स्वीकारली जाते. या चित्रपटकारांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न हिशोबाचा आहे. माणूस म्हणवून घेण्यासाठी एकीने जीव द्यायचा, दुसरीने रक्त. आणि समोरच्याने काय द्यायचे? थोडासा पश्चात्ताप!

मराठी संतपटाची वाट थोडी वेगळी होती. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. शूद्राच्या वाणीला धर्माधिकाऱ्यांनी केलेला विरोध त्यात आहे. परंतु वैकुंठाचे विमान आले की भांडण मिटते, आणि प्रेक्षक हात जोडून घरी जातो.

खरा पालट गेल्या बारा-तेरा वर्षांतला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्याचे कुटुंब मारलेले डुक्कर काठीला बांधून नेते, तेव्हा मागच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई असतात. या एका चौकटीत स्वतंत्र भारताचा सारा ताळेबंद मांडला आहे. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्यावर, मग आपण करमाळ्यात बसलेले असू की युरोपातल्या महोत्सवात. १९३६ ची मुलगी गाडीखाली गेली. हा मुलगा दगड उचलतो.

२०१४ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या मृत्यूचा आरोप शाहीर नारायण कांबळे यांच्यावर ठेवला जातो. का, तर म्हणे त्यांच्या गाण्याने तो मरणाला प्रवृत्त झाला. त्या कामगाराला सुरक्षेचे साधन कोणी दिले नाही, याबद्दल मात्र कोणी आरोपी नाही. शाहिराच्या भूमिकेत नागपूरचे वीरा साथीदार होते. ‘विद्रोही’चे संपादक आणि चळवळीतला हा कार्यकर्ता २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेला. गाणी संभाजी भगत यांची. चळवळीचा आवाज असा स्वतःच्या गळ्यातून व्हेनिसच्या पडद्यावर पोचला. गटारात माणूस गुदमरण्याच्या बातम्या आम्हांला परक्या नाहीत. परक्यांनी त्या न्यायालयाच्या भाषेत प्रथमच ऐकल्या.

आणि २०१५ मध्ये कानला नीरज घेवान यांचा ‘मसान’ दाखवला गेला. आपण दलित आहोत हे घेवान उघडपणे सांगतात. या चित्रपटाचा नायक बनारसच्या घाटावर प्रेते जाळणाऱ्या डोंबाचा मुलगा आहे. तो अभियांत्रिकी शिकतो, प्रेम करतो, रडतो. लंडनला १९१४ मध्ये गेला तो मसणवट्यावरचा राजा. कानला शंभर वर्षांनी पोचला तो मसणवट्याचा खरा रहिवासी, आणि तो आपल्या नावानिशी पोचला. आमच्या मते या देशाच्या चित्रपटाची पश्चिमेकडची वाटचाल या दोन टोकांमध्ये मोजली पाहिजे. पुरस्कारांच्या संख्येने ती मोजता येणार नाही.

तथापि इथे समाधान मानून थांबणे भाबडेपणाचे होईल. मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये बर्लिनला गेला तो पाटलाची मुलगी आणि मासेमाराचा मुलगा यांच्यातली जात घेऊन. मुंबईच्या हिंदी व्यवसायाने २०१८ मध्ये त्याचा ‘धडक’ केला, तेव्हा तीच जात जवळजवळ पुसली गेली. बर्लिनला चालली ती जात मुंबईला अडचणीची झाली. २०२५ मध्ये ‘फुले’ या हिंदी चित्रपटातून ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ असे शब्द काढायला परिनिरीक्षण मंडळाने सांगितले, आणि ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, येणारा चित्रपट २५ तारखेला आला. दलित मुलीच्या खुनाचा तपास मांडणारा संध्या सुरी यांचा ‘संतोष’ २०२४ मध्ये कानला दाखवला गेला, ब्रिटनने तो ऑस्करसाठी पाठवला. भारतातले त्याचे प्रदर्शन मात्र २०२५ च्या मार्चमध्ये अडले. आपल्या घरचे दुःख शेजाऱ्याने पाहिलेले चालते, घरच्यांनी पाहायचे नाही, असा हा न्याय आहे.

परदेशातही प्रेक्षक केवळ गोरा नाही. आपल्या चित्रपटांची तिकिटे तिथे मोठ्या प्रमाणात इथूनच गेलेली माणसे काढतात, आणि त्यांच्या सामानात जातही गेली आहे. म्हणूनच २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराला जातीय भेदभावावर कायद्याने बंदी घालावी लागली; अमेरिकेतले ते असे पहिले शहर.

तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी महोत्सवाच्या बातमीवर खूश होऊन थांबू नये. चित्रपट कुठे पोचला याबरोबरच तो कोणी काढला, कोणी लिहिला, त्यातल्या शोषिताला नाव आहे की नाही, आणि तो आपल्या तालुक्याच्या गावात लागला की नाही, हे विचारावे. महाविद्यालयात, वस्तीतल्या बुद्धविहारात, एखादी भिंत पांढरी करून हे चित्रपट दाखवावेत आणि नंतर त्यावर बोलावे. व्हेनिसने दाद दिली याचे मोल आहेच. पण जब्याचा दगड मूळचा आपल्या गावावर भिरकावलेला आहे, आणि त्याचे उत्तर व्हेनिस देऊ शकत नाही.