कार्बन नॅनोकण : वनस्पती व सजीव पेशींवरील परिणाम

कार्बन नॅनोकण : किमान एक मिती १ ते १०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग) असलेले, मुख्यतः कार्बन अणूंचे बनलेले कण. पोकळ गोलासारखा फुलरीन, कार्बन नलिका, एका अणूच्या जाडीचा ग्राफीनचा पापुद्रा, अतिनील प्रकाशात चमकणारे कार्बन बिंदू आणि जळणातून निघणारी साधी काजळी हे सर्व याच कुळातले. फुलरीन १९८५ मध्ये हॅरल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल व रिचर्ड स्मॉली यांना सापडले आणि त्याबद्दल त्यांना १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नलिकांकडे जगाचे लक्ष वेधले ते सुमिओ इजिमा यांच्या १९९१ च्या निबंधाने. कार्बन बिंदू २००४ मध्ये नलिका शुद्ध करताना योगायोगाने हाती लागले. घडण बदलली की गुणही बदलतात. त्यामुळे ‘कार्बन नॅनोकण झाडाला चांगले की वाईट’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. जो देतो तो बहुधा काहीतरी विकायला आलेला असतो.

हे कण काही प्रयोगशाळेने जन्माला घातलेले नाहीत. मध्य प्रदेशातील माळव्यात, धार जिल्ह्यातील तिरला या विकासखंडाचे उदाहरण घेता येईल. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू आणि हरभरा हा माळव्याचा नेहमीचा पीकक्रम इथेही आहे. गहू निघाल्यावर शेतात उरलेली नरवाई (खोडके) पेटवली की धुराबरोबर काजळी उठते. या काजळीचे मूळ गोलक काही दशक नॅनोमीटरचे असतात व एकमेकांना चिकटून त्यांच्या साखळ्या बनतात. चूल, डिझेलचे पंप आणि देवापुढची समईसुद्धा तेच करतात. मेणबत्तीच्या काजळीतून चमकणारे कार्बन बिंदू वेगळे काढता येतात, हे २००७ मध्ये दाखवले गेले. म्हणजे पीक, जनावर आणि माणूस यांचा या कणांशी संबंध जुनाच आहे. घडण व मात्रा ठरवून ते मुद्दाम देणे तेवढे नवे. सोयाबीन, गहू व हरभरा या तिन्ही पिकांवर असे प्रयोग झाले आहेत, परंतु ते माळव्याच्या शेतात नव्हे, तर कॅलिफोर्निया, फ्रान्स आणि कानपूर येथे.

भारतातील या विषयाचे एक केंद्र महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या आयआयटीतील महेश्वर शॅरॉन यांच्या गटाने १९९४ मध्ये कापरापासून फुलरीन मिळवल्याचे प्रसिद्ध केले. पेट्रोलियमजन्य कच्च्या मालाऐवजी झाडापासून मिळणारा कार्बन वापरायचा, ही त्यामागची दृष्टी. पुढे अंबरनाथच्या नॅनो व जैवनॅनो तंत्रज्ञान संशोधन केंद्रात महेश्वर व माधुरी शॅरॉन यांच्याभोवती जो गट जमला, त्याने हीच वाट जीवशास्त्राकडे वळवली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा शिंगाड्याचा प्रयोग साधेपणामुळे लक्षात राहतो. उपासाला शिंगाडा खाल्ल्यावर जी साल आपण टाकून देतो, तिचा पाण्यातील अर्क सुमारे ९० अंश सेल्सिअसवर तापवायचा. वेगळे तीव्र ऑक्सिडीकारक रसायन घालायचे नाही. मिळालेल्या द्रवावर ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश टाकला की तो हिरवा चमकतो. त्यातले कण ५ ते १० नॅनोमीटरचे होते, आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींना ते सोसले. याच गटाने २०१४ मध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक कार्बन बिंदूंवर बसवले. औषध पोहोचवणे आणि ते कुठे पोहोचले हे चमकेवरून पाहणे, ही दोन्ही कामे एकाच कणाकडून करून घेण्याचा तो प्रयत्न होता.

कानपूरच्या आयआयटीत सव्यसाची सरकार यांच्या गटाने मोहरीच्या तेलाच्या काजळीतून पाण्यात विरघळणाऱ्या कार्बन नलिका मिळवल्या (२००५). अशा विद्राव्य नलिका हरभऱ्याच्या रोपांना दिल्यावर मुळे, खोड आणि फांद्या यांची वाढ अधिक झाल्याचे त्यांनी २०११ मध्ये नोंदवले. नलिका रोपाच्या वाहक ऊतींत रांगेने बसतात व पाणी वर चढायला मदत करतात, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

वनस्पतीच्या पेशीत शिरणे प्राण्याच्या पेशीत शिरण्यापेक्षा अवघड असते. प्राण्याच्या पेशीभोवती फक्त पातळ पटल असते आणि ते बाहेरचा कण वेढून आत घेऊ शकते. वनस्पतीच्या पेशीला त्याबाहेर सेल्युलोजची भित्तिका असते व तिची छिद्रे फार तर काही नॅनोमीटरची. मोठा गोळा तिथेच अडतो. बारीक नलिकेचा व्यास मात्र एखादाच नॅनोमीटर असल्याने ती लांब असूनही टोकाने घुसू शकते. ५०० नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीच्या एकभित्ती (एकाच थराच्या) नलिका तंबाखूच्या पेशींत भित्तिकेसकट शिरतात आणि सोबत डीएनएही नेतात, हे २००९ मध्ये दिसले. त्याच वर्षी अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठात मारिया खोदाकोव्स्काया यांनी टोमॅटोच्या बियांवर बहुभित्ती (एकात एक अनेक थरांच्या) नलिकांचा प्रयोग केला. साध्या माध्यमावर वीस दिवसांत सुमारे ७१ टक्के बिया रुजल्या, नलिका मिसळलेल्या माध्यमावर ९० टक्के. टोमॅटोच्या बीचे कवच जाड असते. ते भेदले गेल्याने पाणी लवकर आत गेले, असा निष्कर्ष निघाला. नंतरच्या कामात पेशीपटलातून पाणी ने-आण करणाऱ्या प्रथिनांची जनुके नलिकांमुळे अधिक सक्रिय होतात, असेही आढळले. म्हणजे कण केवळ भोक पाडत नाही. झाड त्याला प्रतिसादही देते.

मुळांनी घेतलेला कार्बन पानापर्यंत किती जातो, हे मोजणे कटकटीचे आहे. झाडाच्या कोरड्या वजनाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग मुळात कार्बनच असतो, त्यात बाहेरून आलेला कार्बन ओळखायचा कसा? फ्रान्समध्ये २०१२ मध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ ची खूण असलेल्या नलिका गहू आणि मोहरीच्या कुळातील रेप या पिकांना देण्यात आल्या. दिलेल्या मात्रेपैकी दहा लाखांत पाच भागांपेक्षाही कमी कार्बन पानांत पोहोचला. गव्हाच्या बाबतीत हा आकडा जाहिरातबाजांनी आधी पाहावा. भाताच्या रोपांत मात्र फुलरीन दुसऱ्या पिढीच्या पानांतही आढळले (२००९), त्यामुळे ‘जातच नाही’ असेही म्हणता येत नाही.

पानाच्या आतले प्रयोग अधिक रंजक आहेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मायकेल स्ट्रॅनो व हुआन पाब्लो हिराल्दो यांनी २०१४ मध्ये एकभित्ती नलिका हरितलवकांत बसवल्या. जिवंत पानात इलेक्ट्रॉन वहनाचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. त्यातून साखर किती जास्त तयार झाली, हा वेगळा प्रश्न आहे व उत्पादन वाढल्याचा दावा त्यांनी केला नव्हता. बर्कली येथील मार्किटा लँड्री यांच्या गटाने २०१९ मध्ये नलिकांवर डीएनए बसवून तो तंबाखूवर्गीय वनस्पती, गहू व कापूस यांच्या पानांत पोहोचवला. जनुक झाडाच्या गुणसूत्रात कायमचे न मिसळता काही काळ काम करून गेले. व्यवहारात या कणांचा पहिला खरा उपयोग खत म्हणून होण्यापेक्षा असा वाहक म्हणून होण्याची शक्यता जास्त दिसते.

खत म्हणून मिळालेले आकडे मोठे असले तरी एकमेकांशी जुळत नाहीत. चित्तरंजन कोले व सहकाऱ्यांनी कारल्याच्या बिया फुलरीनपासून बनवलेल्या विद्राव्य फुलरॉलमध्ये भिजवल्या. फळांचे उत्पादन कमाल १२८ टक्क्यांनी वाढले (२०१३). हे ‘कमाल’ महत्त्वाचे, कारण मात्रा बदलली की परिणामही बदलत होता. टोमॅटोला नलिकांनी साथ दिली, तर जास्त मात्रेतील ग्राफीनने त्याच टोमॅटोची वाढ रोखली (२०११). कोलकाता विद्यापीठाच्या संशोधकांना बहुभित्ती नलिकांमुळे कांद्याच्या मुळांतील पेशींच्या डीएनएला इजा झालेली दिसली (२०१५). या हानीचे समान सूत्र म्हणजे ऑक्सिडीकारक ताण : पेशीत सक्रिय ऑक्सिजनचे प्रमाण वाढते, थोडे वाढले तर ते संकेताचे काम करते, फार वाढले तर पटल आणि डीएनए दोन्ही बिघडतात.

सोयाबीनचा निकाल आणखी उफराटा लागला. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१७ मध्ये मातीत काजळी, नलिका व ग्राफीन मिसळून पाहिले, तेव्हा मुळांवरील गाठी व नत्र स्थिरीकरण यांवर कमी मात्रेचा परिणाम जास्त मात्रेपेक्षा तीव्र निघाला. मात्रा वाढली की कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, आणि गुठळी मुळाशी फारसे काही करत नाही. तेव्हा ‘थोडे टाकले तर काय बिघडते’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे चालत नाही. माळव्याची काळी माती चिकण आणि चुनखडीयुक्त असल्याने तिच्यातही कण गुठळून बसण्याचीच शक्यता अधिक. प्रयोगशाळेतील पाण्यात दिसलेला गुण तिथे जसाच्या तसा मिळेल असे धरता येत नाही.

प्राण्यांच्या पेशींत आकाराचे महत्त्व आणखी वाढते. नॅनोकण रक्तात गेला की प्रथिने त्याला लगेच लपेटतात आणि पेशीला दिसते ते ते आवरण. लांब, ताठ नलिका भक्षक पेशींना पूर्ण गिळता येत नाही व तिथे दाह धुमसत राहतो. २००८ मध्ये उंदरांच्या उदरपोकळीत अशा लांब नलिकांनी अ‍ॅस्बेस्टॉससारखी लक्षणे निर्माण केली. आखूड आणि गुंतलेल्या नलिकांनी तसे केले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एका विशिष्ट बहुभित्ती नलिकेला ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता’ या २ ब गटात टाकले. कार्बन बिंदू त्यामानाने सौम्य मानले जातात. तरी धोका खाणाऱ्यापेक्षा कोरडी पूड हाताळणाऱ्याला आणि फवारणी करणाऱ्याला आधी, कारण वाट फुप्फुसातून जाते.

शेतीत ‘नॅनो’ म्हटले की आज प्रथम आठवतो तो इफ्कोचा नॅनो युरिया (२०२१). तो नत्राचा द्रव आहे, या नोंदीतला कार्बन नॅनोकण नव्हे. नॅनो कृषी निविष्ठांच्या तपासणीसाठी भारत सरकारने जुलै २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. खते खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली येतात आणि २०२१ पासून जैव-उत्तेजकेही. ‘नॅनो कार्बन’ असे छापलेली बाटली कोणी पुढे केली, तर दुकानदाराकडे या आदेशाखालील मंजुरी मागावी. ती असली तरी पहिल्या हंगामात काही ओळींवरच वापरून शेजारच्या ओळी कोऱ्या ठेवाव्यात, आणि तोंडाला मास्क लावल्याशिवाय फवारणी करू नये.