नाव सोनूबाई

फाळणीनंतर सिंधी बांधव कल्याणच्या लष्करी छावणीत आले. १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. तिथल्या मालावरचे ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही अंबरनाथकर लहानपणापासून ऐकत आलो.

पण वाचकहो, २००७ साली खऱ्या अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज व्हिस्टा’ ही संगणकप्रणाली अधिक सुरक्षित म्हणून बाजारात आणली, तेव्हा तिच्यावरही लोकांचा विश्वास बसेना. तिची मंद चाल आणि घडोघडी परवानगी मागणे, यांना लोक विटले. २००८ साली कंपनीने तीच प्रणाली ‘मोहावी’ या खोट्या नावाने दाखवली, आणि नाके मुरडणारेच वाहवा करू लागले! अर्थात प्रयोग कंपनीचा, यंत्रेही तिचीच.

तेव्हापासून उल्हासनगरचा कपडा घेताना मी शिक्का वाचत नाही, शिवण तपासतो.