रुग्णालयांची अग्निसुरक्षा : कायद्यात काय आहे?

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली, तेव्हा तेथे १७ बालके होती. सात वाचली, दहा दगावली. दगावलेल्या दहापैकी तीन बालके होरपळून, तर सात धुराने गुदमरून मरण पावल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सांगितले होते. रुग्णालयातील आगीत ज्वाळांपेक्षा धूरच अधिक बळी घेतो, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे. रुग्णालयाच्या इमारतीविषयीचे बहुतेक नियमही धुराला अडवण्यासाठी आणि रुग्णाला त्यापासून दूर नेण्यासाठी वेळ मिळावा, याच हेतूने केलेले आहेत.

त्या एकाच वर्षात महाराष्ट्राने अशा अनेक दुर्घटना पाहिल्या. मार्चअखेरीस मुंबईत भांडुप येथील एका मॉलमधील रुग्णालयाला आग लागली. २३ एप्रिलला विरारच्या रुग्णालयातील अतिदक्षता विभागात पहिल्याच दिवशी १३ रुग्ण दगावले. भंडाऱ्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले होते. तरीही ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात ११ रुग्णांचा बळी गेला. आदेश निघणे आणि त्याची अंमलबजावणी होणे, यांत किती अंतर असते याचा याहून ठळक दाखला शोधण्याची गरज नाही.

रुग्णालयाचा विचार अन्य इमारतींपेक्षा वेगळा का करावा लागतो? कचेरीत किंवा चित्रपटगृहात धोक्याची घंटा वाजली की माणसे स्वतःच्या पायांनी बाहेर पडतात. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेला, शस्त्रक्रियेच्या टेबलावर असलेला किंवा नुकताच जन्मलेला रुग्ण बाहेर पडू शकत नाही. त्याला खाटेसह, अनेकदा यंत्रांसह हलवावे लागते आणि त्यासाठी प्रत्येकी दोन-तीन माणसे लागतात. रात्रपाळीला तेवढी माणसे क्वचितच असतात. म्हणूनच जिन्याने खाली उतरवण्याआधी रुग्णाला त्याच मजल्यावरील शेजारच्या सुरक्षित भागात नेणे, हे रुग्णालयांसाठीचे मूलभूत तत्त्व मानले गेले आहे. मजल्याचे आगीला व धुराला रोखणाऱ्या भिंतींनी आणि दारांनी विभाग पाडलेले असतील, तरच हे शक्य होते. अग्निरोधक दार लाकडी पाचर लावून उघडे ठेवले, की या साऱ्या रचनेचा अर्थ संपतो. आणि आपल्याकडे ते बहुधा तसेच ठेवलेले दिसते.

देशपातळीवर या विषयाचा मुख्य आधार म्हणजे राष्ट्रीय इमारत संहिता. भारतीय मानक ब्यूरोची ही संहिता प्रथम १९७० मध्ये आली. पुढे १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये ती सुधारली गेली. तिचा चौथा भाग अग्नी व जीवितसुरक्षेचा असून रुग्णालयांचा समावेश ‘संस्थात्मक इमारती’ या गटात होतो. खाट वळवता यावी इतकी, म्हणजे २.४ मीटर रुंदीची मार्गिका, दोन मीटर रुंदीचा जिना आणि बाहेर पडण्याच्या वाटेपर्यंतचे मर्यादित अंतर, अशा अपेक्षा त्यात आहेत. वातानुकूलन यंत्रणेच्या नळ्यांतून धूर एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाऊ नये, म्हणून त्यांत आपोआप बंद होणाऱ्या झडपा हव्यात, हेही त्यात येते. ही बाब किती महत्त्वाची आहे, ते कोलकात्यात ९ डिसेंबर २०११ रोजी दिसले. ढाकुरिया येथील आमरी रुग्णालयाच्या तळघरात ज्वालाग्राही सामान साठवले होते. आग तेथे लागली. मात्र धूर वरच्या मजल्यांवर पोहोचला आणि काचेने बंद केलेल्या इमारतीत कोंडला. नव्वदच्या आसपास माणसे दगावली.

ही संहिता मुळात शिफारस स्वरूपाची आहे. राज्याच्या कायद्याने किंवा स्थानिक बांधकाम नियमावलीने स्वीकारल्यावरच तिला बंधनाचे स्वरूप येते. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ करतो. डिसेंबर २००८ पासून तो अमलात आला आणि २००९ मध्ये त्याखालील नियम झाले. या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर व भोगवटादारावर आहे. अग्निशमन दलाने एकदा ना हरकत प्रमाणपत्र दिले म्हणजे आपण सुटलो, ही समजूत त्यामुळे निराधार ठरते.

प्रत्यक्ष व्यवहारात टप्पे असे आहेत. बांधकामाच्या नकाशांवर अग्निशमन अधिकाऱ्याची तात्पुरती ना हरकत घ्यावी लागते. त्यानंतर परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा बसवून घेतली जाते आणि ती संस्था फॉर्म-ए देते. तपासणीनंतर अंतिम ना हरकत मिळते. पुढे मात्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन महिन्यांत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म-बी, अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावे लागते. सारे घोडे येथेच अडते. बसवलेली यंत्रणा पहिल्या दिवशी चालते. पाचव्या वर्षी पंप सुरू होतो का, टाकीत पाणी आहे का, धूरशोधकांच्या तारा नूतनीकरणात तुटल्या का, हे तपासणे कंटाळवाणे आणि खर्चाचे असते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला पैसे देणारा रुग्णालयाचा मालकच असतो, ही या व्यवस्थेतील उणीवही नजरेआड करता येणार नाही. त्रुटी आढळल्यास नोटीस देण्याचे, आणि धोका गंभीर असल्यास इमारत रिकामी करण्यास सांगण्यापर्यंतचे अधिकार अग्निशमन अधिकाऱ्यांना आहेत.

लहान शुश्रूषागृहांचा प्रश्न आणखी अवघड आहे. त्यांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. यांतील अनेक शुश्रूषागृहे निवासी इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, दोन सदनिका एकत्र करून थाटलेली असतात. मूळ इमारत राहण्यासाठी बांधलेली. एकच अरुंद जिना, स्ट्रेचर न मावणारी लिफ्ट. दुसरा जिना काढायला जागा नाही आणि रुग्णालय बंद केले तर त्या भागातील रुग्णांनी जायचे कुठे, असा डॉक्टरांच्या संघटनांचा युक्तिवाद असतो. तो अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. मात्र श्वसनयंत्रावरील रुग्ण अशा जागी ठेवावेत का, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

आगीचे कारण बहुतेक वेळा विजेत सापडते. अतिदक्षता विभागातील वातानुकूलन यंत्रे, वॉर्मर, मॉनिटर, पंप अहोरात्र चालतात. मूळ वायरिंग कमी भारासाठी केलेली असते आणि खाटा वाढल्या की एक्स्टेन्शन बोर्ड जोडले जातात. त्यात प्राणवायूची भर. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. गळतीमुळे बंद खोलीत हे प्रमाण थोडे जरी वाढले, तरी एरवी धुमसणारे कापड भडकून पेटते. त्यामुळे गळती शोधणे, हवा खेळती ठेवणे आणि कक्षाबाहेरून पुरवठा बंद करणारी झडप कर्मचाऱ्यांना ठाऊक असणे आवश्यक ठरते. ही झडप बंद करताना त्या नळीवर किती रुग्ण अवलंबून आहेत, हेही आधी पाहावे लागते. नाशिकच्या महापालिका रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी आग लागलीच नव्हती. द्रवरूप प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली, पुरवठ्याचा दाब कोसळला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. अशा टाक्यांना केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो.

भूकंपाच्या दृष्टीनेही रुग्णालयाची इमारत सामान्य घरापेक्षा अधिक भक्कम लागते. भारतीय मानकानुसार तिच्या आराखड्यात भूकंपाचा भार दीडपट धरला जातो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजचे शासकीय रुग्णालयच कोसळले. ते पुढे पायात धक्काशोषक बसवून नव्याने बांधण्यात आले.

कोविडकाळात गुजरातमधील रुग्णालयांना लागलेल्या आगींनंतर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये कोविड रुग्णालयांच्या नियमित अग्निसुरक्षा तपासणीचे आणि प्रत्येक ठिकाणी जबाबदार अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले होते. तरीही १५ नोव्हेंबर २०२४ रोजी झाशीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा नवजात शिशूंचाच कक्ष पेटला.

रुग्णाच्या नातेवाइकांना यंत्रणांची तांत्रिक पारख करता येणार नाही. पण काही गोष्टी कोणालाही दिसतात. दुसऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप आहे का, मार्गिकेत जुन्या खाटा आणि सिलिंडर रचले आहेत का, अग्निशामक नळकांड्यावरील तपासणीची तारीख कधीची आहे, खिडक्या उघडतात की कायमच्या बंद आहेत. रुग्णालयाने शेवटचा फॉर्म-बी कधी सादर केला, ही माहिती माहिती अधिकार कायद्याखाली संबंधित महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाकडे मागता येते. अर्जात इमारतीचा पत्ता आणि जानेवारी अथवा जुलै असा नेमका कालावधी नमूद करावा.