चष्मा की कॉन्टॅक्ट लेन्स? नंबर असलेल्या खेळाडूंनी मैदानात उतरण्याआधी हे वाचा

दिवाळी सरली की गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा लागतात, जत्रेत कबड्डीचे सामने भरतात. यात चष्म्याचा नंबर असलेली पोरं बरीच असतात. त्यातली काही जण चष्मा पिशवीत ठेवून अंदाजानं खेळतात, तर काही जण रोजचाच चष्मा दोरीनं डोक्याला बांधून उतरतात. दोन्हींत धोका आहे. नीट न दिसणाऱ्याला अंगावर येणारा चेंडू उशिरा कळतो, आणि रोजच्या चष्म्याची काच फुटली तर तिचा तुकडा थेट डोळ्यात जातो. मग खेळताना चष्मा घालावा की लेन्स, आणि घ्यायचं तर काय बघून घ्यावं, याची ही सविस्तर माहिती.

डोळा किती मोलाचा आहे, हे क्रिकेटच्या इतिहासातच दिसतं. भारताचे यष्टिरक्षक सबा करीम यांना २००० साली ढाक्यात आशिया कपच्या सामन्यात चेंडू उजव्या डोळ्याला लागला आणि त्यांची कारकीर्द तिथंच थांबल्यासारखी झाली. दक्षिण आफ्रिकेचा मार्क बाउचर २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या टॉन्टन इथं यष्टिरक्षण करत होता. उडालेली बेल डाव्या डोळ्याला लागली आणि त्याला निवृत्ती घ्यावी लागली. तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, डोळ्यावर चष्माही नव्हता.

पण चष्मा आहे म्हणून खेळ सोडायचं कारण नाही. नरेंद्र हिरवाणी यांनी १९८८ साली चेन्नईत पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडिजचे १६ गडी बाद केले, ते चष्मा लावूनच. न्यूझीलंडचा डॅनियल व्हेटोरी सगळी कारकीर्द चष्म्यावर खेळला. अनिल कुंबळे १९९० साली संघात आले तेव्हा चष्मा लावत, पुढं त्यांनी लेन्स घेतल्या. म्हणजे दोन्ही रस्ते चालतात. आपल्याला कोणता जमेल, ते बघायचं.

आधी नंबर काढा

पोरगा फळ्यावरचं दिसत नाही म्हणून बाक बदलतो, उंच उडालेला झेल त्याच्या हाताबाहेर पडतो, संध्याकाळी त्याला चेंडू दिसत नाही. अशा वेळी 'लक्ष नाही' म्हणून रागावण्याआधी डोळे तपासा. ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतील, तर तिथं नंबर काढून मिळतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत येतं, त्यांच्या तपासणीत दृष्टिदोषही पाहिला जातो. वाढत्या वयात नंबर बदलत राहतो, म्हणून शाळेत आहे तोवर वर्षातून एकदा तपासणी करावी.

खेळासाठी चष्मा घेताना

जास्तीत जास्त खेळाडूंसाठी चष्माच सोयीचा आणि कमी जोखमीचा. फक्त तो खेळासाठी बनवून घेतलेला हवा. दुकानात या गोष्टी सांगाव्यात:

१. काच पॉलिकार्बोनेटची मागा. ही खरी काच नसते, एक मजबूत प्लास्टिक असतं. फटका बसला तरी ते सहसा फुटत नाही, वजनाला हलकं असतं आणि उन्हातली अतिनील किरणंही अडवतं. ट्रायव्हेक्स नावाचा प्रकारही चांगला. साधी काच मैदानात अजिबात नको.

२. फ्रेम प्लास्टिकची, एकसंध घ्या. पातळ धातूची फ्रेम वाकते, नाकावरचे छोटे पॅड गालात नाहीतर डोळ्याजवळ रुततात. नुसती पॉलिकार्बोनेटची काच साध्या फ्रेममध्ये बसवून पूर्ण संरक्षण मिळत नाही, कारण धक्क्यानं काच फ्रेममधून आत निसटू शकते.

३. मागं रबरी पट्टा हवा. पट्टा घट्ट बसला पाहिजे, पण कानशिलावर वळ उठता कामा नये.

४. लेदर बॉलनं खेळणाऱ्यानं हेल्मेट सोबत घेऊन दुकानात जावं. हेल्मेट घालून काडी कानावर टोचते का, जाळीला चष्मा लागतो का, हे तिथंच कळतं. चष्मा हा हेल्मेटला पर्याय नाही.

५. नंबरचे स्पोर्ट्स गॉगल मिळतात. चांगल्या गॉगलवर 'एएसटीएम एफ८०३' असा शिक्का असतो, तो खेळातला फटका सोसण्याच्या चाचणीचा आहे. तालुक्याला मिळाला नाही तर दुकानदार मागवून देतो का, ते विचारा.

पॉलिकार्बोनेटवर ओरखडे लवकर पडतात. धूळ बसलेला चष्मा शर्टाच्या टोकानं पुसू नका. आधी पाण्यानं धुवा, मग मऊ कापडानं पुसा. घामानं वाफ धरत असेल तर कपाळाला पट्टा बांधा.

लेन्स कुणी घ्यावी

लेन्स थेट बुबुळावर बसते, त्यामुळं नजर फिरेल तिकडं स्वच्छ दिसतं. चष्म्याच्या कडेबाहेर धूसर होतं तसं इथं होत नाही. घाम, वाफ, दोरी यांचा त्रास नाही. कबड्डीसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात चष्मा चालतच नाही, तिथं लेन्स उपयोगी पडते. नंबर मोठा असेल किंवा दोन डोळ्यांच्या नंबरात जास्त फरक असेल, त्यांनाही लेन्सनं बरं दिसतं.

पण लेन्स डोळ्याचं रक्षण करत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. चेंडू लागला तर लेन्स काही अडवत नाही. लेन्स घालून लेदर बॉल खेळणाऱ्यानं हेल्मेट, आणि शक्य असेल तर वरून बिननंबरी संरक्षक गॉगल घालावा.

चष्म्याची चिठ्ठी दाखवून लेन्स घेऊ नका. चष्मा डोळ्यापासून थोडा लांब असतो, लेन्स डोळ्याला चिकटून. त्यामुळं नंबर बदलतो. चष्म्याचा नंबर उणे ६ असेल तर लेन्सचा साधारण उणे साडेपाच येतो. शिवाय लेन्सचा गोलावा डोळ्याला जुळावा लागतो. त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून किंवा ऑप्टोमेट्रिस्टकडून वेगळी तपासणी करून घ्या. तिरका नंबर, म्हणजे सिलिंड्रिकल असेल तर टोरिक नावाची लेन्स लागते.

आठवड्यातून दोनदाच खेळणाऱ्यासाठी एक दिवसाची लेन्स बरी. घातली, खेळलं, काढून टाकली. महिन्यात आठ दिवस खेळलं तर दोन डोळ्यांच्या मिळून १६ लेन्स लागतात, तेवढा हिशेब आधी करा. महिन्याची लेन्स स्वस्त वाटते, पण पाकीट उघडल्यापासून महिना मोजायचा. आठच दिवस घातली म्हणून ती चार महिने चालत नाही. आणि ती रोज साफ करण्याचा खर्च आणि मेहनत वेगळी.

लेन्सला पाणी लावायचं नाही

लेन्स वापरणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक इथं होते. लेन्स खाली पडली की नळाच्या पाण्यानं धुऊन परत घालतात, किंवा डबीत साधं पाणी भरून ठेवतात. नळ, विहीर, हौद, बोअर, यातलं कुठलंच पाणी चालत नाही. मातीत आणि पाण्यात अकँथअमीबा नावाचा डोळ्यांना न दिसणारा जीव असतो. तो लेन्सच्या आडोशानं बुबुळात शिरला तर भयंकर दुखतं, उपचार महिनोन् महिने चालतात आणि डोळ्यात फूल पडून नजरही जाऊ शकते. उकळलेलं किंवा बाटलीतलं पाणीही नको, आणि थुंकी तर कधीच नको. म्हणून हे नियम पाळा:

• हात साबणानं धुऊन, स्वच्छ कापडानं कोरडे करूनच लेन्सला हात लावा.
• लेन्स फक्त तिच्या सोल्युशननं धुवा आणि त्यातच ठेवा. डबीतलं सोल्युशन रोज बदला, उरलेल्यात नवीन ओतू नका. डबी तीन महिन्यांनी टाकून द्या.
• लेन्स घालून झोपू नका. बुबुळाला रक्तवाहिन्या नसतात, ते हवेतूनच प्राणवायू घेतं. सामन्याहून येताना गाडीतली डुलकीसुद्धा टाळा.
• लेन्स घालून विहिरीत, नदीत, तलावात उतरू नका. अंघोळीआधी काढा.
• फवारणी, मळणी, वेल्डिंग करताना लेन्स नको. सकाळी सामना आणि दुपारी शेतात काम असेल तर मैदानावरच लेन्स काढून चष्मा लावा.
• दुसऱ्याची लेन्स घालू नका, हौसेची रंगीतसुद्धा नाही.
• मुलींनी लेन्स आधी घालावी, काजळ नंतर लावावं.

मैदानावर जाताना पिशवीत चष्मा, सोल्युशन, डबी आणि लेन्सची एक जादा जोडी हवी. मातीत पडलेली लेन्स सोडून द्यायची, शोधत बसायचं नाही. इतकं सांभाळणं जमणार नसेल तर लेन्सचा नाद सोडावा. मुलाला लेन्स द्यायची की नाही, हे वयावर कमी आणि त्याच्या हात धुण्याच्या सवयीवर जास्त ठरवा.

कोणत्या खेळाला काय

टेनिस बॉल क्रिकेट, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन: पट्टा लावलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा. बॅडमिंटनचं फूल डोळ्याच्या खोबणीत बसण्याइतकं लहान असतं, तिथं चष्मा हवाच.

लेदर बॉल क्रिकेट: हेल्मेटसोबत चष्मा किंवा लेन्स.

कबड्डी: मॅटवर लेन्स चालते. धुळीच्या मैदानावर एक दिवसाचीच लेन्स, आणि डोळ्यात माती गेली की लगेच काढायची.

खो-खो, धावणे: दोन्ही चालतं.

लाल मातीतली कुस्ती: चष्मा नको, लेन्सही नको. बहुतेक पैलवानांना जवळच्या अंतरावर नंबरवाचून भागतं. नंबर फार मोठा असेल तर डॉक्टरांना विचारा.

पोहणे: नंबरचा पोहण्याचा गॉगल मिळतो, तोच घ्या.

ऊन, सांज आणि लाईट

भर उन्हात तपकिरी छटेची काच बरी पडते, तिच्यात चेंडू उठून दिसतो. 'यूव्ही ४००' आहे का, विचारा. रस्त्यावरचा नुसता काळा गॉगल घातक ठरू शकतो, कारण अंधारामुळं बाहुली मोठी होते आणि अतिनील किरणं जास्त आत जातात. रात्रीच्या सामन्याला रंगीत काच नको. पांढरी काच आणि तिच्यावर चकाकी कमी करणारा थर एवढं पुरे.

चाळिशी उलटलेल्यांसाठी

वाचायच्या चष्म्यावर खेळू नका. दोन भागांच्या काचेतून खाली बघितलं की जमीन धूसर दिसते, सरपटता चेंडू चुकतो आणि पाऊलही. खेळायला फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करा. मधुमेह किंवा काचबिंदू असेल तर तपासणी चुकवू नका.

डोळ्याला लागलं तर

डोळा चोळू नका, दाबू नका. माती किंवा चुना गेला असेल तर लगेच स्वच्छ पाण्यानं धुवा. चुना किंवा औषध गेलं असेल तर १५ ते २० मिनिटं सतत धुवा. लेन्स पाण्यानं सुटली तर काढून फेकून द्या. काही रुतलं असेल तर उपसू नका. त्यावर कागदी कप हलका बांधून दवाखाना गाठा. धूसर दिसणं, डोळ्यात रक्त उतरणं, चमका येणं, काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखं वाटणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. लेन्स घालणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर तेव्हाही हाच नियम.

मध, दूध, तूप डोळ्यात घालू नका. घरात उरलेले किंवा दुकानातून विचारून आणलेले थेंबही नकोत. उसाचं पान, ज्वारीचं कुसळ लागून बुबुळात बुरशी होते. अशा डोळ्यात स्टिरॉइडचे थेंब गेले तर सुरुवातीला लाली कमी होते, पण आतून बुरशी फोफावते. कामात लागो की खेळात, थेंब डॉक्टरांनी सांगितले तरच.

सैन्य किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी दृष्टीची अट त्या-त्या जाहिरातीतून स्वतः वाचावी. चष्मा, लेन्स किंवा नंबर घालवण्याचं लेसर ऑपरेशन याबाबत प्रत्येक ठिकाणचे नियम सारखे नसतात. लेसरचा विचार १८ वर्षं पूर्ण झाल्यावर आणि नंबर वर्षभर स्थिर राहिल्यावरच करतात.

बॅट आणि बुटांना पैसे काढले जातात, तसे चष्म्यालाही काढावेत. मंडळांनी स्पर्धेच्या वर्गणीतून दोन-तीन संरक्षक गॉगल संघासाठी घेऊन ठेवले तर यष्टिरक्षकाला आणि जवळ उभ्या राहणाऱ्या खेळाडूंना ते आळीपाळीनं वापरता येतील.